पिशवी, बंब आणि पेट्रोल: घरच्या निवडींचा पर्यावरणाशी हिशोब कसा घालावा

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत आता बहुतेक घरांच्या दाराआड एक कापडी पिशवी टांगलेली असते. बाजाराला निघताना आठवणीनं ती हातात घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण सवय मोडणं सोपं नसतं. पण त्याच घरांत सकाळी सहाला लागलेला गिझर साडेसातपर्यंत चालू राहतो, आणि कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर निघते. पिशवी डोळ्यांना दिसते. जळालेलं युनिट दिसत नाही, म्हणून त्याचं वजन मनात होत नाही.

पर्यावरणासाठी काहीतरी करावं असं ज्यांना वाटतं, पण नेमकं काय बदललं तर फरक पडेल हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आकडेमोड चौथीच्या पोराला जमेल एवढीच आहे. उदाहरणं बेळगाव, खानापूर, चिकोडी या आपल्या पट्ट्यातली घेतली आहेत. इथला पाऊस, इथली वीज, इथलं पाणी वेगळं आहे. मुंबई-पुण्याचा हिशोब इथं जसाच्या तसा बसत नाही.

पहिली पायरी: महिनाभर काही बदलू नका, फक्त लिहा

एक साधी वही घ्या. सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख टाका. एक तारखेला मीटरवरचा आकडा लिहा आणि पुढच्या एक तारखेला परत. हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे वाचता येतात, आणि 'बळके' हा शब्द दिसला की तो वापर समजायचा. पेट्रोल भरलं की रुपये लिहू नका, लिटर लिहा. कचऱ्याच्या गाडीत रोज किती बादल्या ओतल्या तेही.

महिना संपला की या चार गुणाकारांनी हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला याचा अंदाज येतो. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो. पेट्रोलच्या एका लिटरला २.३ किलो, डिझेलच्या लिटरला २.७ किलो. विजेच्या एका युनिटला देशाच्या सरासरीनं सुमारे ०.७ किलो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते.

आमच्या चौघांच्या घराचं एका फेब्रुवारीचं पान असं होतं: सिलिंडर एक, म्हणजे ४२. वीज ९६ युनिट, म्हणजे ६७. दोन स्कूटरी मिळून पेट्रोल ३१ लिटर, म्हणजे ७१. बेरीज १८० किलो. आणि ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांवरून मी घरात सगळ्यांशी भांडत होते, त्या महिन्याला चाळीसेक. पिशवी असते काही ग्रॅमची. ती तयार करताना होणारा धूर धरला तरी सगळ्या मिळून एक किलोच्या आत.

त्या पानानं मला हलवलं. तुमच्या घराचं पान वेगळं असेल. एखाद्याकडे आमच्यासारखं पेट्रोलच सगळ्यात मोठं निघेल, एखाद्याकडे पाणी उपसणारा पंप. म्हणून शेजाऱ्याचं बघून काही बदलण्याआधी स्वतःचं पान भरा.

एक सावधगिरी इथंच सांगते. २०२३ पासून कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत अनेक घरांना २०० युनिटच्या आतल्या, आपापल्या सरासरीच्या हद्दीतल्या वापराला बिल शून्य येतं. गरीब घरांना त्याचा मोठा आधार आहे, आणि तो असावाच. पण शून्य बिल बघून वीज फुकट तयार होते असं मनात बसतं. रायचूरजवळ शक्तीनगरच्या वीज केंद्रात त्या युनिटासाठी कोळसा जळालेलाच असतो. म्हणून वहीत रुपये नकोत, युनिट हवीत.

दुसरी पायरी: किती तागड्या आहेत ते ओळखा

ती बेरीज बघून मी पुन्हा प्लास्टिकची पिशवी घ्यायला लागले का? नाही. कारण पिशवीचं नुकसान धुरात मोजायचंच नसतं.

पावसाळ्यात वडगाव-येळ्ळूरच्या बाजूनं बळ्ळारी नाल्याकडे जाऊन बघा. गाळ, जलपर्णी आणि शहरातून वाहत आलेलं प्लास्टिक एकमेकांत अडकून पाण्याची वाट बंद होते, आणि नाल्याचं पाणी भाताच्या शिवारात पसरतं. उगवून आलेलं भात कुजतं, शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. बेळगाव बासमती म्हणून ज्या तांदळाचं आपण कौतुक करतो, तो याच शिवारातला. गाईच्या पोटात गेलेली पिशवी, गटारात तुंबलेली पिशवी, कोपऱ्यावर कचऱ्याबरोबर जाळलेली पिशवी, हे सगळं कार्बनच्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून मी चार गोष्टी वेगवेगळ्या तोलते: हवेत जाणारा कार्बन, लागणारं पाणी, उरणारा कचरा, आणि घरातल्या माणसांच्या छातीत जाणारा धूर. एखादी निवड एका तागडीत हलकी आणि दुसरीत जड निघते, असं वारंवार होतं. तेव्हा आपल्या गावाला यातलं काय जास्त जाचतंय ते बघून ठरवायचं. खानापूरच्या पश्चिमेला पावसाचं पाणी भरपूर, तिथं जंगल जपणं महत्त्वाचं. पूर्वेकडे सौंदत्ती-रामदुर्गच्या बाजूला पाण्याची तागडी आधी बघावी लागते.

तिसरी पायरी: तीन प्रश्न

कुठलीही वस्तू किंवा सवय समोर आली की विचारा: ही नेमकं कशाच्या जागी येणार? ही मी किती वेळा वापरणार? आणि काम संपल्यावर ही जाणार कुठं?

कापडी पिशवीवरच हे लावून बघू. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सुती पिशवी हवामानाच्या हिशोबानं पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. कारण कापूस पिकवायला पाणी, खत, औषध लागतं, मग सूत, विणणं, धुणं. म्हणजे दुकानात भेट मिळालेल्या, कंपनीचं नाव छापलेल्या दहा नव्या पिशव्या कपाटात साठवल्या तर पर्यावरणाला काहीच मिळालं नाही.

आता हीच पिशवी जुन्या साडीची करा. आमच्या शेजारच्या वैनी विणकराच्या घरातल्या. पदर विरलेली सुती साडी त्या उभी चिरतात आणि काठाची पट्टी वेगळी काढतात, कारण काठ सगळ्यात शेवटी फाटतो. त्या काठाचे बंद करतात, तळाला दुहेरी कापड लावून दोनदा टीप मारतात. एका साडीत सहा-सात पिशव्या निघतात, त्यात पाच किलो बटाटे सहज येतात. त्या कापडाचा कापूस केव्हाच पिकून गेलाय, त्याचं पाणी केव्हाच खर्च झालंय. इथं १३१ वगैरे मोजायची गरजच नाही. पहिल्या खेपेपासून फायदा.

कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे. तरी दुकानदार हळूच काढून देतो. त्याला 'नको' म्हणण्याचं बळ खिशात घडी करून ठेवलेल्या पिशवीतूनच येतं, म्हणून एक गाडीच्या डिकीत आणि एक पर्समध्ये कायम ठेवा.

चौथी पायरी: चूल, गॅस आणि आंघोळीचं पाणी

इथं थोडं थांबू, कारण पुष्कळ घरांत मोठा आकडा याच कोपऱ्यात दडलेला असतो आणि समजुतीही इथंच जास्त चुकतात.

आमच्या परड्यात तांब्याचा बंब होता. पहाटे आजी त्यात करवंट्या आणि वाळलेल्या काटक्या घालायची. न्हाणीच्या भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीपासून वर काजळीचा काळा पट्टा होता, दरवर्षी दिवाळीला चुना मारला तरी संक्रांतीपर्यंत परत उमटायचा. करवंट्या, काटक्या हा शेतातला-परड्यातला टाकाऊ माल. त्याचा कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला, परत हवेत जातो. त्या तागडीत बंब फार हलका. पण त्याच न्हाणीला लागून आत्याची खोली होती. तिला दमा होता, आणि थंडीत पहाटेचा खोकला आम्ही सगळे अंथरुणात पडून ऐकायचो. भिंतीवर जी काजळी दिसत होती तीच तिच्या छातीत जात होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

म्हणून माझं मत ठाम आहे: घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रुग्ण असेल तर धुराची तागडी पहिली. बंब किंवा चूल ठेवायचीच असेल तर ती घराबाहेर, उघड्यावर, धुराड्यासकट हवी. आणि सरपण खानापूरच्या जंगलातून तोडून आणलेलं असेल तर कार्बनचा हिशोबही बिघडतो. तोडलेलं झाड परत वाढेपर्यंत तो कार्बन हवेतच राहतो, आणि भीमगडचं जंगल म्हणजे मलप्रभा-म्हादईच्या उगमावरचं छत्र आहे.

बंबानंतर आमच्याकडे गिझर आला. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. आमचे तात्या बारा महिने गार पाण्यानं आंघोळ करतात. बाकी तिघांच्या तीन बादल्यांची दिवसाला जवळपास दीड युनिट, महिन्याला चाळीसेक. म्हणजे ९६ युनिटांतली चाळीस फक्त आंघोळीची! दिवे, टीव्ही, मिक्सर यांवरून आपण पोरांना ओरडत असतो, आणि खरा खप न्हाणीत होत असतो.

सोलर हीटर बसवला तेव्हा ही चाळीस युनिट जवळजवळ पुसली गेली, पण आपल्याकडे बारा महिने नाही. जून ते सप्टेंबर बेळगावात कधी कधी आठवडाभर ऊन दिसत नाही. त्या काळात परत गिझर लागतो. तेव्हा वीस लिटरची बादली पंधराची केली आणि आंघोळीच्या आधी पंधरा-वीस मिनिटंच बटण चालू ठेवलं तर बरंच वाचतं. भाड्याचं घर असेल, गच्ची आपली नसेल, तर एवढंच करा. तेही कमी नाही.

आता स्वयंपाक. 'इंडक्शन घेतलं, आता आम्ही स्वच्छ' असं पुष्कळजण समजतात. एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढाच इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात. आजच्या विजेच्या सरासरीनं ते ८५ ते ९० किलो होतात, आणि सिलिंडरचे ४२. सिलिंडर भरून घरापर्यंत येण्याचा खर्च वरून धरला तरी कार्बनच्या तागडीत आज गॅसच हलका. गच्चीवर सोलर पॅनेल असतील आणि स्वयंपाक दुपारी होत असेल, तर पारडं पूर्ण फिरतं. शिवाय गॅसच्या ज्योतीतूनही घरात थोडे वायू सुटतात, ते इंडक्शनमध्ये नाहीत. स्वयंपाकघर कोंदट, बिनखिडकीचं असेल तर इंडक्शन घेण्याला ते एक चांगलं कारण आहे. वीज जसजशी कोळशावरून उन्हा-वाऱ्याकडे सरकेल तसा हा आकडा बदलेल, म्हणून दोन-तीन वर्षांनी परत तपासा.

शेगडी कुठलीही असो, कुकर, झाकण आणि भिजवणं यांनी जे वाचतं ते शेगडी बदलून वाचत नाही. हरभरा, मसूर, काळा वाटाणा रात्री भिजत घाला. आमटी उकळली की ज्योत बारीक करा. उकळत्या पाण्याचं तापमान मोठ्या ज्योतीनं वाढत नाही, नुसती वाफ वाढते.

पाचवी पायरी: पिण्याचं पाणी

आमच्याकडे एका कंपनीचा माणूस आला आणि आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवल्याशिवाय पाणी पिण्याजोगं नाही असं पटवून गेला. मशीन बसलं. काही महिन्यांनी मी बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेवली. एक घागर पिण्याचं पाणी भरेपर्यंत बादली तीनदा रिकामी करावी लागली. ज्या गावात अजून कित्येक भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथं हे आम्ही रोज गटारात सोडत होतो. मला ते फार लागलं.

मग दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र मागवलं. नळाचं पाणी पेल्यात घेऊन बुडवलं, आकडा शंभराच्या आसपास आला. नळाच्या पाण्यासाठी पाचशेपर्यंतचा आकडा चांगला धरतात. आमच्या नळाला येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी पावसाचं, मार्कंडेय नदीत अडवलेलं. त्यात क्षार मुळातच कमी. क्षार काढण्यासाठी जे यंत्र आहे ते क्षार नसलेल्या पाण्याला लावून आम्ही तीन बादल्या फेकत होतो. ओळखीच्या एका घरी बोअरच्या पाण्याचा आकडा सहाशेच्या वर होता. त्यांना आरओ लागतो, आणि ते बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरतात. तेच बरोबर आहे. झाडांना मात्र ते रोज घालू नका, क्षार मातीत साठतात.

टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक असा अर्थ होत नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर किंवा उकळणं लागतंच. पण उकळण्यालाही किंमत आहे. रोज दहा लिटर पाणी गॅसवर उकळलं तर महिन्याला साडेतीन-चार किलो गॅस जातो, म्हणजे पाव सिलिंडर. यूव्ही फिल्टरला महिन्याला काही युनिटच लागतात, पाणी वाया जात नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा मी आधी चौपदरी कापडानं गाळते, थोडा वेळ निवळू देते आणि मग फिल्टरमध्ये घालते.

धुण्या-भांड्यासाठी विहिरीचं पाणी मिळत असेल तर ते वापरा. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हा खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आजही उभी आहे. आपल्या जुन्या गल्ल्यांत अशा किती विहिरी कचऱ्यानं भरून टाकल्या! ज्यांच्या वाड्यात विहीर शिल्लक आहे त्यांनी तिला झाकण, जाळी आणि कौलांवरच्या पावसाच्या पाण्याची पन्हळ, एवढं तरी करावं.

सहावी पायरी: गाडी

एकट्यानं चालवलेली पेट्रोल स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास कार्बन सोडते. पंधराचं ॲव्हरेज देणारी कार १५० ग्रॅम, पण तीत चौघे बसले तर माणशी ३८. भरलेली बस माणशी दहा-बारा ग्रॅम. शिवाय बस तुम्ही बसलात-न बसलात तरी जाणारच असते. खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतःच्या किलोमीटरनं गुणून बघावा. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमधून तिकीट लागत नाही. गर्दी वाढली, उभं राहावं लागतं, हे खरं. पण ज्या दिवशी हातात सामान नसतं, त्या दिवशी मी बसनंच जाते.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. आजच्या विजेवर ती किलोमीटरला साधारण २५ ग्रॅम पाडते, म्हणजे पेट्रोलच्या निम्मं. पण तिची बॅटरी बनवतानाच दोन-अडीचशे किलो कार्बन गेलेला असतो. तो भरून निघायला आठ-दहा हजार किलोमीटर लागतात. खानापूरहून उद्यमबागेतल्या कारखान्यात रोज जाणारा माणूस हे अंतर वर्षाच्या आत कापतो. त्यानं जरूर घ्यावी. दिवसाला तीन किलोमीटर फिरणाऱ्या काकांना तेवढ्याला आठ वर्षं लागतील. त्यांनी आहे ती जुनी स्कूटर नीट ट्यून करून चालवावी, टायरमध्ये हवा ठेवावी, आणि जमेल तेव्हा चालत जावं. 'किती वेळा वापरणार?' हा प्रश्न इथं पैसे आणि पर्यावरण दोन्ही वाचवतो.

सातवी पायरी: ताट

'लांबून आलेलं वाईट, गावचं चांगलं' एवढ्यावर थांबू नका. कोलारचा टोमॅटो पाचशे-सहाशे किलोमीटर ट्रकमधून आला, तरी मोठ्या ट्रकमध्ये किलोमागे वाट्याला येणारा धूर पन्नास-साठ ग्रॅमचाच. आणि तोच एक किलो टोमॅटो आणायला तुम्ही मुद्दाम स्कूटर काढून तीन किलोमीटर गेलात-आलात, तर तीनशे ग्रॅम. शेवटचे तीन किलोमीटर आधीच्या पाचशेंपेक्षा जड! आठवड्याची भाजी कामावरून येताना एकदाच घ्या, किंवा गल्लीत येणाऱ्या भाजीवालीकडून घ्या. कडोलीचे बटाटे, आपल्याच शिवारातली रताळी, हिरवी मिरची मी आवर्जून घेते, पण त्याचं मुख्य कारण ते पैसे आपल्या शेतकऱ्याच्या हातात जातात हे आहे.

अंतरापेक्षा पदार्थ कुठला याला जास्त वजन आहे. २०१८ साली जगभरच्या सुमारे ३८ हजार शेतांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या सरासरीत एक किलो मटणामागे कार्बनच्या हिशोबात ४० किलोच्या आसपास, कोंबडीमागे दहा, अंड्यांमागे पाचच्या आत, आणि डाळी-कडधान्यांमागे त्याहूनही कमी. बकरं रवंथ करतं, त्यातून मिथेन हा हवा तापवणारा वायू सुटतो, म्हणून ते जड. आपल्याकडे माळावर चरणाऱ्या बकऱ्याचा आकडा वेगळा असेल, पण क्रम तोच राहतो. जात्रेचं मटण बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. वर्षातून दोन-तीनदा पाहुणे जमतात तो आपल्या गावांचा जीव आहे. दर रविवारचं मात्र बघा. आणि मटण सोडून पनीरवर गेलात तर वाटतं तेवढं हलत नाही, कारण एका किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. त्यापेक्षा मसूर, पावटा, हुलगा.

धान्यात मला भाकरी जास्त जवळची वाटते, आणि आकडेही तेच सांगतात. बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, वरून पाणी जवळजवळ लागत नाही. भाताच्या खाचरात पाणी उभं राहतं, त्यातून मिथेन सुटतो. पण तांदळातही फरक आहे. खानापूरचं पावसावरचं भात ढगाचं पाणी पितं. उत्तरेकडून येणारा बासमती पुष्कळदा खोल बोअरचं. पाणी किती यापेक्षा कुठलं, हे इथं विचारायचं. उसालाही हेच लागू. साखर सोडून गूळ घेतला तरी ऊस तोच, अथणी-चिकोडीच्या कालव्याचं आणि बोअरचं पाणी तेच. चहात एक चमचा कमी घाला, त्यानं खरंच कमी होतं.

आठवी पायरी: पंगत, गणपती आणि कचरा

शहराचा कचरा तुरमुरीला जातो. ओला कचरा ढिगात दाबला गेला की हवेविना सडतो आणि मिथेन सोडतो. म्हणून 'मातीत विरघळणारं' असं लिहिलेली ताटंही तिथं पोचली तर त्यांचा उपयोग होत नाही. पंगतीला सगळ्यात चांगली भाड्याची स्टीलची ताटं, पाण्याची टंचाई असेल तर केळीचं पान किंवा पत्रावळ, आणि तीही परत गुरांना किंवा खड्ड्यात जाणार असेल तर. चकचकीत कागदी प्लेटला आतून प्लास्टिकचा थर असतो. ती ना भंगारात जाते ना खतात.

दुधाच्या पिशवीचं टोक पूर्ण कापून वेगळं करू नका, चीर द्या. ते बोटभर तुकडेच गटारात जातात. पिशवी धुऊन, उलटी वाळवून साठवली की भंगारवाला घेतो.

गणपती शाडूचा, आणि लहान. शाडूची माती बऱ्याचदा गुजरातेतून येते, मग त्या वाहतुकीचं काय, असं एकानं मला विचारलं. ट्रकचा धूर एकदाच होतो. प्लास्टर मात्र पाण्यात विरघळत नाही. कपिलेश्वर तलावात विसर्जनानंतर काय उरतं ते ज्यांनी सकाळी जाऊन बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही घरच्या बादलीत विसर्जन करतो, आणि ती माती परड्यातल्या जास्वंदीला जाते.

नववी पायरी: वही परत उघडा

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन महिने लिहा. सगळं एकदम बदललं की घरातले कंटाळतात, आणि कशानं फरक पडला तेही कळत नाही. आम्ही आधी सोलर हीटर घेतला, मग आठवड्याचा बाजार एका फेरीत आणला, मग दोन दिवस बस. पुढच्या फेब्रुवारीच्या पानावर सिलिंडर एकच होता, वीज ५८ युनिट, पेट्रोल २२ लिटर. १८० चे १३३ झाले. घरातल्या कुणाला त्यासाठी उपाशी राहावं लागलं नाही की गार पाण्यानं आंघोळ करावी लागली नाही.

पान ताडताना मात्र फेब्रुवारी फेब्रुवारीशीच ताडा. जुलैत गिझर परत लागलेला असतो, कपडे वाळत नाहीत म्हणून पंखा दिवसभर चालतो, पावसात स्कूटरही कमी निघते. जुलैचा आकडा गेल्या जुलैशेजारी लिहा.